लाल शैवालाची वाढ विसाव्या दिवसानंतर का अडते? बेणं युरियात बुडवावं का?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. कप्पाफायकस अल्वारेझी या लाल शैवालाचे १२ तराफे आहेत, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीच्या तोंडाशी. मांडणी तामिळनाडूतल्या मंडपमसारखीच: १२ बाय १२ फुटांचा बांबूचा तराफा, त्यावर २० दोर, दर दोराला १५० ग्रॅमच्या २० कांड्या. म्हणजे एका तराफ्याला ६० किलो बेणं. खालून जाळं. तराफे ३ ओळींत, ओळीत ४, सगळे एकमेकांना बांधलेले. लागण नोव्हेंबरच्या मध्यावर, काढणी ४५व्या दिवशी.

आकडे असे:
कडेचे १० तराफे सरासरी २४० किलो, मधले २ सरासरी १५० किलो.
२२व्या दिवशी खुणेचे दोर तोलले तेव्हा कडेचा काय, मधला काय, दोन्ही ६ किलोच्या आसपास होते (सुरुवात ३ किलो).
क्षारता ३१ ते ३३, सकाळी पाण्याचं तापमान २७ ते २९ अंश.
रंग सुरुवातीला गडद तपकिरी. महिन्याभराने मधले तराफे पिवळट पडले.

म्हणजे कडेला रोज ६.७ टक्के वाढ आणि मध्ये ३.३ टक्के. मधल्यांना नायट्रोजन कमी पडतोय असं धरलं, तर पुढच्या खेपेला बेणं युरियाच्या पाण्यात बुडवून लावावं का? प्रमाण किती, वेळ किती?

तिखट_आमटी
शैवालाचा अर्क काढून तो उसावर फवारायचा आणि शैवालाला युरिया घालायचा. त्यापेक्षा युरिया सरळ उसालाच घाला की, मधली होडी वाचेल. ह. घ्या.

गणिती_भोपळा
आधी टक्केवारी दुरुस्त करू. ६०चे २४० झाले म्हणजे ३०० टक्के वाढ, भागिले ४५, आले ६.७ असा हिशेब केलेला दिसतो. हे सरळव्याज झालं. शैवाल चक्रवाढीने वाढतं, आज आलेला फुटवा उद्या स्वतः वाढतो. सूत्र असं: शेवटचं वजन भागिले सुरुवातीचं वजन, त्याचं दिवसांइतकं मूळ काढायचं, त्यातून १ वजा करायचा आणि १००ने गुणायचं.

कडेचे: २४०/६० = ४, त्याचं ४५वं मूळ १.०३१, म्हणजे रोज ३.१ टक्के.
मधले: १५०/६० = २.५, म्हणजे रोज २.१ टक्के.

खरोखर ६.७ टक्क्यांनी वाढ झाली असती तर ६० किलोचे हजार किलोच्या वर गेले असते आणि बांबू तळाला बसले असते. विक्रेत्यांच्या पत्रकांत 'रोज ७ टक्के' असं दिसतं ते बहुधा याच चुकीतून येतं.

आता तुमचाच २२व्या दिवसाचा आकडा घ्या, खरी गंमत त्यात आहे. पहिल्या २२ दिवसांत दोन्हीकडे वजन दुप्पट झालं, म्हणजे रोज ३.२ टक्के. पुढच्या २३ दिवसांत कडेला परत दुप्पट, म्हणजे ३.१. मध्ये मात्र १२०चे १५०, म्हणजे रोज जेमतेम १ टक्का. मधले तराफे 'हळू वाढले' असं नाही. आधी बरोबरीने वाढले आणि मग जवळजवळ थांबले. या दोन्हींची कारणं वेगळी असतात.

प्रयोगवही
+१. ४५ दिवसांची सरासरी हा प्रकार लपवते, म्हणून मध्ये एकदा तरी तोलावंच.

पहिले वीस दिवस सारखे का गेले, तर ती वाढ बरीचशी बेण्यातल्या पुंजीवर होते. लाल शैवालं नायट्रोजन साठवून ठेवतात: काही सुट्या अमिनो आम्लांत, काही प्रथिनांत, आणि बराचसा फायकोएरिथ्रिन या लाल रंगद्रव्यात. हे रंगद्रव्य प्रकाश पकडण्यासाठी असतंच, पण अडीअडचणीला तेच मोडून नायट्रोजन वापरला जातो. शेतकऱ्याच्या कणगीसारखं समजा.

अंदाजाचा हिशेब: ६० किलो ओलं म्हणजे साधारण ६ किलो कोरडं. बेणं चांगलं पोसलेलं असेल आणि त्यात कोरड्या वजनाच्या २ टक्के नायट्रोजन असेल तर एकूण १२० ग्रॅम. समुद्रातून एक कणही न घेता हे वजन दुप्पट झालं तर टक्का १ वर येतो. १ टक्क्याच्या आसपास पेशींकडे नवी प्रथिनं करायला काही उरत नाही. प्रकाशात साखर तयार होत राहते, पण फुटवा येत नाही. रंग उतरतो तो याच वेळी, कारण रंगद्रव्य खाल्लं गेलेलं असतं. तुमचा विसावा दिवस आणि पिवळेपणा या एकाच गोष्टीच्या दोन बाजू असाव्यात.

म्हणून कुठलीही जागा पारखताना पहिल्या वीस दिवसांवर विश्वास ठेवू नये. दुसऱ्या टप्प्यात काय होतं ते पाहावं, किंवा त्याच जागी वाढलेलं बेणं त्याच जागी परत लावून तोलावं.

खाडीकाठ
चक्रवाढीचं मान्य, वही दुरुस्त केली. मग तर युरियाचं म्हणणं बरोबरच ठरतं ना? पुंजी वाढवून लावायचं.

वल्हं
घाई करू नका. खाडी तीच, पाणी तेच, बेणं तेच आणि कडेचे तराफे व्यवस्थित. पाण्यात नायट्रोजनच नसता तर कडेचेही अडले असते. मधल्यांपर्यंत पाणी पोचतंय का ते आधी बघा. चार गोष्टी, फुकटात किंवा नगण्य खर्चात:

१) अर्धी भरलेली पाण्याची बाटली सोडा आणि १० मीटर जायला किती सेकंद लागतात ते मोजा. १०० सेकंद म्हणजे सेकंदाला १० सेंटिमीटर. हे उधाणाला (मोठ्या भरतीच्या दिवसांत) नाही, भांगाला (भरती-ओहोटी सौम्य असते तेव्हा) मोजायचं. उधाणाला सगळ्याच जागा चांगल्या वाटतात.

२) प्लास्टर ऑफ पॅरिसच्या वड्या. बर्फाच्या ट्रेमध्ये एकाच कालवणीतून ओता, पूर्ण वाळवा, तोला, जाळीत घालून दोराच्याच खोलीवर बांधा. दोन बाहेर, दोन कडेच्या तराफ्यात, दोन मधल्यात, आणि दोन किनाऱ्यावर खाडीच्याच पाण्याच्या बादलीत. २४ तासांनी काढून वाळवून परत तोला. जिथे पाणी जास्त खेळतं तिथे वडी जास्त झिजते. बादलीतली वडी म्हणजे साचलेलं पाणी, हे तुमचं शून्य.

३) दुपारी एकच्या सुमारास सामू (पीएच) मोजा, तराफ्याबाहेर आणि तराफ्याच्या पोटात. भर उन्हात शैवाल पाण्यातला विरघळलेला कार्बन ओढतं आणि सामू चढतो. पाणी बदलत असेल तर चढ दिसत नाही. आत ०.३ने जास्त दिसला तर पाणी अडतंय.

४) खालचं जाळं वर उचलून पाहा. त्यावर हिरवं शेवाळ आणि गाळ चढला की त्याची भिंत होते.

गणिती_भोपळा
वल्ह्यांच्या मुद्द्याला आकडे जोडतो. एका तराफ्यावर १८० किलो वाढ, म्हणजे १८ किलो कोरडी. १ टक्का नायट्रोजन धरला तर १८० ग्रॅम. पाण्यात नायट्रेट आणि अमोनियम मिळून लिटरला २ मायक्रोमोल असेल, तर ते घनमीटरला २८ मिलिग्रॅम नायट्रोजन. १८० ग्रॅमसाठी साधारण ६,४०० घनमीटर पाणी पूर्ण निथळून घ्यावं लागेल, म्हणजे रोज १४३ घनमीटर.

आता समोरून येतं किती? तराफ्याची रुंदी ३.६ मीटर, शैवालाचा थर ३० सेंटिमीटर, वेग सेकंदाला फक्त ५ सेंटिमीटर धरा. दिवसाला सुमारे ४,६०० घनमीटर. म्हणजे आलेल्या पाण्यातला फक्त ३ टक्के नायट्रोजन उचलायचा आहे. पाणी रोज निम्मा वेळ थबकलेलं असतं असं धरलं तरी ६ टक्के.

निष्कर्ष: पाणी हलत असेल तर २ मायक्रोमोलसुद्धा पुरतं. वेग १ सेंटिमीटरवर आला तर मात्र १५ ते ३० टक्के उचलावं लागेल, आणि पुढच्या ओळीने आधीच हात मारलेला असेल.

प्रयोगवही
भोपळेबुवा, गणित बरोबर आहे पण निष्कर्ष अर्धाच. तुम्ही पुरवठा मोजलात, उचल नाही. बाजारात धान्याचे ढीग असले तरी पोतं उचलणारा एका वेळी किती उचलतो हा प्रश्न उरतोच.

शैवालाच्या पृष्ठभागाला पाण्याचा एक पातळ, जवळजवळ न हलणारा पापुद्रा चिकटलेला असतो. नायट्रेटला तो ओलांडायचा तर विसरणाने, म्हणजे रांगत रांगत. प्रवाह जोरात असला की पापुद्रा केसाएवढा पातळ होतो, पाणी थबकलं की मिलिमीटरपर्यंत जाड. पाण्यात नायट्रोजन कमी असतो तेव्हा हा पापुद्राच वेग ठरवतो. ढोबळ नियम असा की वेग चौपट केला तर उचल दुप्पट होते, चौपट नाही. म्हणून सेकंदाला १ सेंटिमीटरवरून ५ वर जाणं फार मोलाचं, २० वरून ४० वर जाण्याने फारसं साधत नाही. वर कांड्या तुटतात त्या वेगळ्याच.

दुसरं, कप्पाफायकसच्या फांद्या जाड आणि मांसल. वजनाच्या मानाने पृष्ठभाग कमी. उल्व्हासारखं कागदी पातळ हिरवं शेवाळ त्याच पाण्यातून कितीतरी वेगाने नायट्रोजन ओढतं. गाळाचा थर हाही पापुद्राच, आणि तो सावलीही करतो. मंडपमला दोर अधूनमधून हलवून झटकतात, ते निव्वळ स्वच्छतेसाठी नसतं.

नवशिकी_कालवं
मत्स्यालयाच्या दुकानातला नायट्रेट तपासायचा संच चालेल का? पाण्यात नक्की किती आहे ते तरी कळेल.

प्रयोगवही
नाही चालणार. २ मायक्रोमोल नायट्रेट म्हणजे लिटरला ०.१२ मिलिग्रॅम. त्या संचांतली शून्याच्या पुढची पहिली पायरी साधारण ५ मिलिग्रॅमची असते. खाडीत काहीही असलं तरी तो शून्यच दाखवेल. प्रयोगशाळेत द्यायचं तर नमुना लगेच गाळून बर्फात ठेवा, त्याच दिवशी पोचत नसेल तर गोठवा. उन्हात चार तास राहिलेल्या बाटलीतलं अमोनियम म्हणजे बाटलीतल्या जीवाणूंचं आत्मचरित्र.

लालबुंद
मूळ प्रश्न युरियाचा होता, त्याकडे येतो.

युरिया स्वस्त आणि ४६ टक्के नायट्रोजनचा, म्हणून मोह होतो. पण लाल शैवालं सगळ्यात सहज घेतात ते अमोनियम. आत आलं की थेट ग्लुटामिनमध्ये बांधलं जातं. नायट्रेटचं आधी नायट्राइट, मग अमोनियम करावं लागतं, त्याला विकर लागतं आणि ऊर्जा लागते, म्हणून अंधारात नायट्रेटची उचल मंदावते. अमोनियम रात्रीही बऱ्यापैकी घेतलं जातं. बुडवायचंच असेल तर अमोनियम सल्फेट (२१ टक्के नायट्रोजन), आणि संध्याकाळी.

प्रमाण: १,००० लिटर समुद्राच्या पाण्याला ३३ ग्रॅम अमोनियम सल्फेट म्हणजे ५०० मायक्रोमोल. याच्या फार वर जाऊ नये. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१-८.२ असतो, त्यात अमोनियमचा काही भाग मुक्त अमोनिया होतो. तो शेंडे जाळतो. सामू आणि तापमान चढलं की हा भाग वाढतो, म्हणून दुपारी हा उद्योग नको. खडे आधी गोड्या पाण्यात विरघळवून मगच टाकीत ओता. टाकीत जोरात हवा सोडा, कारण रात्री शैवाल प्राणवायू खातं आणि पाणी हललं नाही तर वर सांगितलेला पापुद्रा इथेही आहेच.

डीएपी टाकायचा सल्ला कुणी देईल. घट्ट द्रावण समुद्राच्या पाण्यात ओतलं की पांढरा गढूळ साका बसतो, फॉस्फेट कॅल्शियम-मॅग्नेशियमबरोबर खाली जातं. तसाही आधी तुटवडा पडतो तो बहुधा नायट्रोजनचा.

आता खरी मेख. त्या ३३ ग्रॅममध्ये नायट्रोजन फक्त ७ ग्रॅम. ६ किलो कोरड्या वजनाला सगळा मिळाला तरी टक्का वाढतो ०.१२ने. अर्धा टक्का चढवायचा तर अशा चार बुडव्या, म्हणजे चार रात्री. तुमचे १२ तराफे म्हणजे ७२० किलो बेणं. १,००० लिटरची एक टाकी एका वेळी ६० किलो. मांडा हिशेब.

गणिती_भोपळा
१२ तराफे गुणिले ४ रात्री, ४८ टाकी-रात्री. चार टाक्या घेतल्या तरी १२ रात्री. तोवर पहिलं बेणं किनाऱ्यावरच म्हातारं होईल.

तिखट_आमटी
हळदीला तरी एवढं कुणाला बुडवत नाहीत.

किनारपट्टी_एक्सप्रेस
पण काही ठिकाणी तराफ्याखाली खताच्या भोकं पाडलेल्या पिशव्या टांगतात म्हणे. बुडवायची कटकटच नको.

लालबुंद
टांगतात, आणि समुद्राला खत घालतात. भोपळ्यांच्या हिशेबाने तराफ्याखालून दिवसाला ४,६०० घनमीटर पाणी जातं, पिशवीतलं किती थांबेल? जे थांबतं ते पातळ हिरवं शेवाळ आणि धाग्यासारखी लाल शैवालं आधी पकडतात. मग तीच कांडीवर चढतात. नेओसायफोनियासारखं धागेदार शैवाल एकदा कांडीच्या सालीत रुतलं की हाताने निघत नाही, निघालं तर जखम राहते आणि जखमेतून जीवाणू शिरतात.

अमोनियम हवंच असेल तर ते समुद्रातच करणारी व्यवस्था शोधा. मंडपमला सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने) कोबिया माशांच्या पिंजऱ्यांभोवती शैवालाचे तराफे लावून पाहिले, शेजारच्या तराफ्यांना लांबच्या तराफ्यांपेक्षा जास्त माल मिळाला. मासा खातो त्यातला नायट्रोजनचा मोठा भाग अमोनिया म्हणून पाण्यात सोडतो, तोही दिवसरात्र थोडा थोडा. कोकणात पिंजरे नसले तरी शिणाण्यांचे (शिंपल्यांचे) दोर टांगता येतील. तीही अमोनिया सोडतात आणि पाणी गाळतात, प्रकाशही जास्त खोल जातो. मात्र दोर तराफ्यांच्या ओळीत नाही, दोन ओळींच्या मध्ये. भरतीला पाणी एका बाजूने येतं, ओहोटीला दुसऱ्या.

मालवणी_खाजं
सगळे कप्पाफायकसच्या खाण्यापिण्यात रमलेत म्हणून एक आडवा प्रश्न. हे शैवाल आपलं नाही, मूळ फिलिपिन्सचं. १९८४ साली भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने जपानमार्गे आणलं. नंतर मन्नारच्या आखातात कुरुसडाई बेटाजवळ ते प्रवाळावर चढल्याचं २००८ साली नोंदवलं गेलं. तुटलेली कांडी वाहत जाऊन कुठेही रुजू शकते, याला बी-बीजाणू लागत नाहीत. मालवणला १९८७पासून सागरी अभयारण्य आहे, प्रवाळ आहे. तिथे किंवा तिथून वाहत जाईल अशा जागी हे लावू नये, असं माझं स्पष्ट मत.

आपल्या खडकांवर ग्रासिलारिया कॉर्टिकाटा आणि हिप्निया आहेत की. हिप्नियात कॅराजीनान, ग्रासिलारियात अगर, दोन्ही घट्टपणा आणणारे चीक.

खाडीकाठ
मालवणपासून बराच दूर आहे, आणि तराफ्याखाली जाळं आहे ते अर्ध्याअधिक याच कारणासाठी. पण मुद्दा पटतो. ग्रासिलारियाची भूक वेगळी असते का?

प्रयोगवही
बरीच. फांद्या बारीक, पृष्ठभाग जास्त, म्हणून उचल वेगवान. उपाशी ग्रासिलारिया अमोनियममध्ये घातली की पहिल्या तासाभरात आधाशासारखी घेते, मग वेग उतरतो. फ्लोरिडातल्या टाक्यांमधल्या प्रयोगांत काही तासांच्या एका बुडवीवर तिने आठवडा-दोन आठवड्यांची वाढ काढल्याची नोंद आहे. बुडवण्याचं तंत्र खरं तर तिचं, आणि तेही टाकीतल्या शेतीचं. कप्पाफायकसला जसंच्या तसं लावलं की लालबुंद यांच्या ४८ टाकी-रात्री होतात.

आणखी एक, जे खत घालणारे विसरतात. नायट्रोजन मुबलक मिळालेल्या शैवालात प्रथिन आणि रंग वाढतो, अगर किंवा कॅराजीनानचा टक्का उतरतो. भुकेलेल्यात उलट: वाढ कमी, टक्का जास्त. शेवटच्या आठवड्यात थोडी भूक लागलेली चालते. खरेदीदार ओलावा, मीठ आणि चिकाचा दर्जा बघतो, गडद रंगाचे वेगळे पैसे देत नाही.

नवशिकी_कालवं
अगर म्हणजे फालुद्यातलं चायना ग्रासच ना? मग कप्पाफायकसचं चायना ग्रास होतं का?

लालबुंद
चायना ग्रास म्हणजे अगर, ते ग्रासिलारिया-जेलिडियमचं. कप्पाफायकसचं कॅराजीनान: आइस्क्रीम, चॉकलेट दूध, टूथपेस्ट. आज सकाळी दात घासलेत तर बहुधा भेट झाली असेल.

तिखट_आमटी
म्हणून टूथपेस्टच्या जाहिरातीत विचारतात वाटतं, 'आपके टूथपेस्ट में नमक है?' मीठ समुद्रातलं, शैवालही समुद्रातलं. चला, धागा खाडीत आणा.

वल्हं
आणतो. रंगावरून एक खबरदारी. पिवळेपणा म्हणजे भूक असं लगेच म्हणू नका, तीन प्रकार वेगळे ओळखा.

सगळी कांडी सारखीच फिकी, फांद्या टणक: भूक.
फक्त वरची, सूर्याकडची बाजू फिकी, खालची गडद: उन्हाचा मारा. दोर ३०-४० सेंटिमीटर खाली घ्या. भुकेली कांडी उन्हाला लवकर बळी पडते, म्हणून दोन्ही एकत्रही दिसतात.
फांदीच्या मध्येच पांढरा, मऊ, काचेसारखा तुकडा आणि तिथूनच तुटणं: आइस-आइस नावाचा रोग. इथे खताचा काही उपयोग नाही. क्षारता घसरणं, तापमान ३२-३३च्या वर राहणं, साचलेलं पाणी, यातलं काहीतरी आधी झालेलं असतं. पांढरा भाग लगतच्या थोड्या निरोगी भागासकट कापून किनाऱ्यावर आणा, खाडीत टाकू नका. तामिळनाडूत २०१३नंतर मोठी मर झाली ती पाणी तापल्यावर. एवढ्या वर्षांचं एकाच कुळाचं बेणं, सगळं एकदमच आजारी पडतं.

शंका असेल तर सोपी परीक्षा: फिक्या पाच कांड्या बादलीत ५०० मायक्रोमोल अमोनियमच्या पाण्यात दोन-तीन रात्री ठेवा, दिवसा सावलीत साध्या समुद्राच्या पाण्यात. आठवड्याभरात रंग चढला तर भूक होती. हिरव्या जातीवर ही परीक्षा नीट वाचता येत नाही, तपकिरीवर करा.

किनारपट्टी_एक्सप्रेस
मंडपमचं वेळापत्रक कोकणाला जसंच्या तसं लावणं हीच मूळ चूक नाही का? त्यांचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, आपला जून ते सप्टेंबर. तिथे भरती-ओहोटीचा फरक मीटरच्या आत, रत्नागिरीला उधाणाला दोन मीटरांच्या वर.

वल्हं
अर्धी चूक. ६० किलो आणि ४५ दिवस चालतात. तराफे घट्ट बांधणं मात्र मंडपमलाही फार चांगलं नाही, तिथे उथळ उपसागरात दुसरा इलाज कमी. आपल्याकडे भरतीचं पाणी फुकट धावतं आणि आपण त्याला आडवी भिंत घालतो. पावसानंतर खाडीत उतरलेलं पोषण ऑक्टोबर-नोव्हेंबरला मिळतं, तेव्हा क्षारता ३०च्या वर स्थिर झाली की लगेच लागण करावी. फेब्रुवारीनंतर पाणी नितळ होतं, दिसायला सुंदर, खायला काही नाही. त्या दिवसांत विरळ मांडणी.

खाडीकाठ
वाचन आणि झिजवण दोन्ही करून आलो. नवी लागण २६ दिवसांची आहे, मांडणी जुनीच ठेवली होती.

बाटली: मोकळ्या पाण्यात भांगाला १० मीटरला ८० सेकंद.
वड्यांची झीज: बाहेरची १०० धरली तर कडेच्या तराफ्यात ७०, मधल्यात ३०, बादलीत २०.
दुपारी एक वाजता सामू: बाहेर ८.१, कडेला ८.२, मध्ये ८.६.
मधलं जाळं उचलायला तिघं लागले. हिरवं शेवाळ आणि चिखल.
मधल्या पाच पिवळट कांड्यांना अमोनियम दिलं, सहाव्या दिवशी रंग स्पष्ट चढला.

म्हणजे भूक खरी होती, पण जेवण दारापर्यंत आलेलं होतं.

गणिती_भोपळा
बाहेर सेकंदाला १२.५ सेंटिमीटर आणि मध्ये जवळजवळ बादली. याच्याहून स्वच्छ उत्तर मिळणार नाही.

प्रयोगवही
सामूचा आकडाही बोलका आहे. ८.६ म्हणजे मध्ये दुपारी नायट्रोजनच्या जोडीला कार्बनचीही तंगी सुरू झाली होती. तो तर खताच्या पिशवीत मिळतच नाही.

वल्हं
पुढची मांडणी अशी करून बघा. १२ तराफे प्रवाहाला आडवे, एकाच ओळीत. जागा नसेल तर दोन ओळी, पण ओळींत १० मीटर आणि तराफ्यांत किमान ३ मीटर मोकळे, दर दोन तराफ्यांना स्वतंत्र नांगर. नांगराचा दोर ओहोटीच्या तळाचा नाही, उधाणाच्या भरतीचा हिशेब धरून लांब सोडा, नाहीतर तराफा पाण्याखाली ओढला जातो. जाळ्याचा आस (भोक) जरा मोठा घ्या, दर तराफ्याला एक जादा जाळं ठेवा आणि दर १५ दिवसांनी बदला. काढलेलं किनाऱ्यावर उन्हात टाकलं की शेवाळ आपोआप सुटतं. दोर एकाआड एक दिवस झटका.

लालबुंद
आणि बुडवण्याची हौस राहिलीच असेल तर दोनच तराफ्यांच्या बेण्यावर करा, चार रात्री, आणि शेजारच्या दोन तराफ्यांना तेच बेणं न बुडवता. बुडवलेल्याचा फायदा पहिल्या २२ दिवसांत दिसतो का, ४५व्या दिवसापर्यंत टिकतो का, वेगवेगळं लिहा.

तिखट_आमटी
थोडक्यात, युरिया उसालाच.

खाडीकाठ
उसालाच. दोन तराफे अमोनियमचे, दोन साधे, बाकी आठ नेहमीचेच, सगळे मोकळ्या मांडणीत. खुणेचे दोर तोलताना पाणी किती निथळू द्यायचं?

गणिती_भोपळा
दर वेळी तितकंच. दोर उचलून तीनदा झटका, दोन मिनिटं टांगा, मग तोला, सावलीत. दोराचं आणि बांधण्याच्या सुतळीचं ओलं वजन आधी वजा करून ठेवा. ३ किलोवर २०० ग्रॅम पाणी जास्त राहिलं तर पहिल्या आठवड्याचा आकडा गेला. आणि तुटून जाळ्यात पडलेल्या कांड्या वेगळ्या तोला. त्या दोरावरून कमी होतात म्हणजे वाढल्या नाहीत असं नाही.